समुद्रावरचे चाचे आणि किनाऱ्यावरचा कायदा

शनिवार, दि. २३ मार्च २०२४ रोजी भारतीय नौदलाची ‘आयएनएस कोलकाता’ ही विनाशिका ३५ सोमाली चाच्यांना घेऊन मुंबई बंदरात दाखल झाली आणि तिने त्यांना मुंबई पोलिसांच्या स्वाधीन केले. माल्टाचा ध्वज लावलेले ‘रुएन’ नावाचे मालवाहू जहाज या टोळीने १४ डिसेंबर २०२३ रोजी पळवले होते. तीन महिने ते सोमालियाच्या किनाऱ्याजवळ राहिले. पुढे मार्चमध्ये त्याच जहाजाचा तळासारखा उपयोग करून चाचे नव्या सावजाच्या शोधात निघाले, तेव्हा भारतीय किनाऱ्यापासून सुमारे २६०० किलोमीटरवर नौदलाने त्यांना अडवले. चाच्यांनी गोळीबार केला. नौदलाने टेहळणीसाठी पाठवलेले मानवरहित विमान त्यांनी पाडले. मग हवाई दलाच्या सी-१७ विमानातून नौदलाचे ‘मार्कोस’ कमांडो समुद्रात उतरवण्यात आले. सुमारे ४० तास चाललेल्या या कारवाईच्या शेवटी सर्व ३५ चाचे शरण आले आणि जहाजावरील १७ खलाशी सुखरूप सुटले.

वर्तमानपत्रांनी या पराक्रमाच्या बातम्या ठळकपणे दिल्या आणि ते योग्यच होते. परंतु इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला त्या बातमीतले शेवटचे वाक्य अधिक महत्त्वाचे वाटले. त्यात म्हटले होते, की या आरोपींवर ‘सागरी चाचेगिरी प्रतिबंध अधिनियम, २०२२’ या कायद्यानुसार कारवाई केली जाईल. चाच्यांना पकडणे ही एक गोष्ट आहे. पकडल्यावर त्यांचे काय करायचे, ही दुसरी. पहिल्या गोष्टीसाठी युद्धनौका लागते. दुसरीसाठी कायदा लागतो आणि तो आपल्याकडे २०२२ पर्यंत नव्हता, हे सुशिक्षित माणसांनाही सहसा ठाऊक नसते.

आपल्या शाळेच्या स्मरणिकेत हा विषय कशासाठी, असे एखाद्या पालकास वाटेल. त्याचे उत्तर शाळेच्या पश्चिमेला काही अंतरावरच आहे. तारापूर, चिंचणी, घिवली, उच्छेळी, दांडी, नवापूर आणि खाली सातपाटीपर्यंतची गावे समुद्रावर जगतात. आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी काहींच्या घरी होडी आहे, तर काही जण व्यापारी जहाजांवर नोकरीला आहेत. बोंबील-पापलेटसाठी जाळे टाकणारा तांडेल आणि दोन लाख टनांच्या तेलवाहू जहाजावरचा खलाशी हे दोघेही एकाच समुद्रावर असतात. चाचेगिरीची झळ दोघांनाही लागते, मात्र निरनिराळ्या प्रकारे लागते. ती कशी, हे पुढे येईलच.

प्रथम ‘चाचा’ या शब्दाविषयी. हा शब्द दिसतो तेवढा निष्पाप नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी अरबी समुद्रावर ‘कार्ताझ’ची पद्धत लादली. कार्ताझ म्हणजे त्यांनी दिलेला परवाना. तो जवळ नसेल तर कोणाचेही गलबत पकडावे, माल जप्त करावा, असा त्यांचा नियम होता. शतकानुशतके या समुद्रात व्यापार करणारा गुजराती, अरब किंवा कोकणी नाखवा एका कागदाअभावी गुन्हेगार ठरू लागला. तारापूरचा किल्लाही त्याच सत्तेच्या उत्तर प्रांतातला. १७३९ च्या जानेवारीत चिमाजी अप्पांच्या मोहिमेत तो मराठ्यांनी जिंकला आणि त्या हल्ल्यात बाजी भिवराव रेठरेकर हे सरदार कामी आले. आज त्या किल्ल्याजवळून जाताना हे किती जणांच्या मनात येत असेल, कोण जाणे.

कान्होजी आंग्रे यांची गोष्ट तर सर्वपरिचित आहे. ते मराठा राज्याचे सरखेल होते. आपल्या हद्दीतून जाणाऱ्या जहाजांनी आपला दस्तक घ्यावा, ही त्यांची मागणी पोर्तुगीज किंवा इंग्रज करीत होते त्याहून वेगळी नव्हती. तरीही इंग्रजांच्या कागदपत्रांत ते ‘चाचे’ ठरले आणि तोच शब्द पुढे इंग्रजी इतिहासग्रंथांतून आपल्या पाठ्यपुस्तकांपर्यंत झिरपला. आज मुंबईतल्या नौदलाच्या तळाचे नाव ‘आयएनएस आंग्रे’ आहे. याचा अर्थ कोकण किनाऱ्यावर लूटमार कधी झालीच नाही, असा मात्र नव्हे. मालवण-सावंतवाडीच्या पट्ट्यात व्यापारी गलबतांना लुटणारे होते आणि त्यांच्या लुटीचा फटका गरीब नाखव्यांनाही बसत होता. मला एवढेच दाखवायचे आहे, की ‘बळी तो कान पिळी’ हा जोवर समुद्राचा कायदा होता, तोवर चाचा कोण, हे ज्याच्याकडे तोफा अधिक तोच ठरवीत असे.

विसाव्या शतकात ही व्याख्या कागदावर आली. १९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदाविषयक कराराच्या १०१ व्या कलमात चाचेगिरीचे घटक सांगितले आहेत. एका खासगी जहाजावरील माणसांनी, खासगी स्वार्थासाठी, कोणत्याही राष्ट्राच्या हद्दीबाहेरील समुद्रात, दुसऱ्या जहाजाविरुद्ध केलेली हिंसा, अटकाव किंवा लूट म्हणजे चाचेगिरी. यातला प्रत्येक शब्द मोजून घातलेला आहे. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपर्यंत त्या त्या देशाची हद्द. तारापूरसमोर या पट्ट्यात कोणी जहाज लुटले तर तो ‘सशस्त्र दरोडा’ होईल आणि तो भारताच्या नेहमीच्या फौजदारी कायद्यात बसेल. आंतरराष्ट्रीय अर्थाने ती चाचेगिरी नव्हे. ‘खासगी स्वार्थ’ हे शब्दही असेच. नोव्हेंबर २०२३ मध्ये येमेनच्या हौथी बंडखोरांनी हेलिकॉप्टरमधून उतरून ‘गॅलेक्सी लीडर’ हे जहाज ताब्यात घेतले. त्यामागचा हेतू राजकीय होता, म्हणून तिला चाचेगिरी म्हणावे की नाही, यावर कायदेपंडितांत मतभेद आहेत. जहाजावर चौदा महिने अडकून पडलेल्या खलाशांना अर्थातच या वादाचा काही उपयोग नव्हता.

त्याच कराराच्या १०५ व्या कलमाने आणखी एक असाधारण गोष्ट केली. खुल्या समुद्रात चाच्यांना कोणतेही राष्ट्र पकडू शकते आणि पकडणाऱ्या राष्ट्राची न्यायालये त्यांना शिक्षा देऊ शकतात. चाचा हा सर्व मानवजातीचा शत्रू, या जुन्या कल्पनेवर हे कलम उभे आहे. मात्र ‘शिक्षा देऊ शकतात’ म्हणजे शिक्षा आपोआप होते असे नाही. त्यासाठी त्या देशात तसा कायदा लागतो. हा मुद्दा लक्षात ठेवावा, कारण भारताची सारी अडचण इथेच झाली.

आता सोमालियाकडे वळू. १९९१ साली तेथील सियाद बारे यांची राजवट कोसळली आणि देशाला केंद्रीय सरकारच उरले नाही. आफ्रिका खंडातला सर्वांत लांब किनाऱ्यांपैकी एक किनारा बेवारस झाला. परदेशी ट्रॉलर तेथे येऊन बेसुमार मासेमारी करू लागले. तेथील मच्छीमारांच्या काही गटांनी हातात शस्त्रे घेतली, परक्या बोटी पकडल्या, दंड वसूल केला. त्यांनी स्वतःस ‘तटरक्षक’ म्हणवून घेतले. आरंभी त्यात काही तथ्य होते. परंतु दंडाची खंडणी झाली आणि खंडणीचा उद्योग झाला. जागतिक बँकेच्या २०१३ मधील अभ्यासानुसार एप्रिल २००५ ते डिसेंबर २०१२ या काळात आफ्रिकेच्या शिंगाजवळ पळवलेल्या जहाजांसाठी ३३.९ ते ४१.३ कोटी अमेरिकन डॉलर खंडणी दिली गेली. तिचा ३० ते ५० टक्के वाटा पैसा लावणाऱ्या सावकारांकडे जाई आणि जीव धोक्यात घालून शिडीने जहाजावर चढणाऱ्या पोराच्या हाती एका जहाजामागे ३० ते ७५ हजार डॉलर पडत. सोमालियातल्या तरुणासाठी ही रक्कम आयुष्य पालटणारी होती, हे खरे. पण पकडला गेला तर तुरुंगात तोच जाणार होता, सावकार नव्हे. आजपर्यंत जगभर ज्यांच्यावर खटले चालले, त्यांत बहुसंख्य असे पायदळातलेच लोक आहेत. पैशाच्या मागावर जाण्याची भाषा आंतरराष्ट्रीय परिषदांत पुष्कळ झाली. प्रत्यक्षात हाती लागलेले मोठे मासे फारच थोडे.

या चाच्यांची कार्यपद्धती समजली म्हणजे मच्छीमारांचा संबंध लक्षात येतो. वेगवान लहान होड्या किनाऱ्यापासून फार दूर जाऊ शकत नाहीत. म्हणून चाचे आधी एखादी मोठी मासेमारी बोट पकडतात, तिच्यावरच्या खलाशांना ओलीस ठेवून त्यांच्याकडूनच ती चालवून घेतात, तिच्यावर इंधन, पाणी, शिड्या आणि होड्या लादतात आणि हजार-दीड हजार किलोमीटर आत येऊन व्यापारी जहाजांवर झडप घालतात. अशा बोटीला ‘मातृनौका’ म्हणतात. ‘प्रांतलाय’ या नावाच्या थायलंडच्या मासेमारी बोटी एप्रिल २०१० मध्ये पळवल्या गेल्या आणि त्यांतल्या दोन पुढे लक्षद्वीपजवळ भारतीय नौदल व तटरक्षक दलाच्या हाती लागल्या. ‘वेगा-५’ ही मोझांबिकची मासेमारी बोट. मार्च २०११ मध्ये ‘आयएनएस कल्पेनी’ने तिला गाठले, तेव्हा तिच्यावर ६१ चाचे होते. तिच्या २४ खलाशांपैकी १३ जणांनाच त्या दिवशी वाचवता आले. म्हणजे दुर्बिणीतून पाहणाऱ्याला जी चाच्यांची बोट दिसते, तिच्यात अर्धे लोक ओलीस ठेवलेले गरीब मच्छीमार असू शकतात.

जगाने या संकटाला दिलेले उत्तर मोठे होते. जून २००८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने १८१६ क्रमांकाचा ठराव करून सोमालियाच्या सागरी हद्दीत शिरून कारवाई करण्याची मुभा दिली. ऑक्टोबर २००८ पासून भारताची एक युद्धनौका एडनच्या आखातात सतत गस्त घालू लागली. डिसेंबर २००८ मध्ये युरोपीय संघाची ‘अटलांटा’ मोहीम सुरू झाली; मागोमाग अमेरिकेच्या नेतृत्वाखालचे संयुक्त दल, नाटोचे दल, शिवाय चीन, जपान, रशिया यांच्या नौका आल्या. एरवी एकमेकांकडे संशयाने पाहणारी ही नौदले एका राखीव मार्गिकेतून व्यापारी जहाजांचे तांडे पोहोचवू लागली. जहाजांनीही आपली काळजी घेण्यास आरंभ केला. कठड्यांवर काटेरी तार, पाण्याचे जोरदार फवारे, वेग वाढवून नागमोडी चालणे आणि अगदीच वेळ आली तर सर्व खलाशांनी आतून बंद होणाऱ्या भक्कम खोलीत शिरून इंजिन बंद करणे. त्या खोलीला ‘सिटाडेल’ म्हणतात. आपल्यातल्या जहाजावर काम करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी तिच्या कवायती केलेल्या असतील.

आणि शेवटी आले सशस्त्र रक्षक. याचा परिणाम झाला, हे आकडे सांगतात. क्वालालंपूर येथील आंतरराष्ट्रीय केंद्राच्या नोंदींनुसार सोमाली चाच्यांचे हल्ले २०११ मध्ये २३७ होते. २०१२ मध्ये ते ७५ आणि २०१३ मध्ये अवघे १५ झाले. परंतु या यशाची एक किंमत मोजावी लागली आणि ती पुष्कळदा चाच्यांनी नव्हे, मच्छीमारांनी मोजली.

नोव्हेंबर २००८ मध्ये एडनच्या आखातात ‘आयएनएस तबर’ने चाच्यांची एक मातृनौका बुडवली. आपल्या सर्वांना तेव्हा अभिमान वाटला. काही दिवसांनी कळले, की ती थायलंडची ‘एकावत नावा ५’ ही मासेमारी बोट होती आणि चाच्यांनी ती नुकतीच पळवली होती. चाच्यांनी आधी गोळीबाराची धमकी दिली व नौदलाने प्रत्युत्तर दिले, हे खरे. पण बोटीवरच्या खलाशांपैकी एक जण अनेक दिवस समुद्रात तरंगत राहून वाचला, बाकीचे गेले. ओल्याबरोबर सुकेही जळते म्हणतात, ते असे.

दुसरी घटना आपल्या किनाऱ्याच्या अधिक जवळची. २०१० च्या मध्यावर जहाज उद्योगाने ‘अतिधोक्याचे क्षेत्र’ पूर्वेस ७८ अंश रेखांशापर्यंत वाढवले. तारापूर सुमारे ७२.७ अंशांवर आहे. म्हणजे लंडनमध्ये नकाशावर एक रेघ सरकली आणि डहाणूपासून कन्याकुमारीपर्यंतचा आपला संपूर्ण पश्चिम किनारा, तेथील हजारो मासेमारी होड्यांसह, चाच्यांच्या प्रदेशात जमा झाला. विम्याचे दर वाढले. धोका टाळण्यासाठी मोठी जहाजे भारतीय किनाऱ्याला लगटून, म्हणजे नेमकी मासेमारीच्या पट्ट्यातून जाऊ लागली आणि त्यांच्यावर बंदूकधारी पहारेकरी होते. १५ फेब्रुवारी २०१२ रोजी केरळच्या किनाऱ्यापासून सुमारे २० सागरी मैलांवर ‘एन्रिका लेक्सी’ या इटालियन तेलवाहू जहाजावरील नौसैनिकांनी ‘सेंट अँटनी’ या मासेमारी बोटीवर गोळ्या झाडल्या. आपण तिला चाच्यांची बोट समजलो, असे त्यांचे म्हणणे होते. दोन मच्छीमार ठार झाले, एक केरळचा, एक तमिळनाडूचा. पुढे नऊ वर्षे दोन देशांत खटला चालला. जुलै २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाने निर्णय दिला, की ते नौसैनिक आपल्या सरकारचे कर्तव्य बजावत होते, म्हणून भारतीय न्यायालये त्यांच्यावर खटला चालवू शकत नाहीत. मात्र इटलीने भरपाई द्यावी. जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १० कोटी रुपयांची भरपाई जमा झाल्यावर प्रकरण बंद केले. त्यांतले प्रत्येकी ४ कोटी मृतांच्या वारसांना आणि २ कोटी बोटीच्या मालकाला मिळायचे होते.

भारताने पाठपुरावा केल्यावर डिसेंबर २०१५ मध्ये ती रेघ ६५ अंशांपर्यंत मागे गेली आणि १ जानेवारी २०२३ पासून ते क्षेत्रच रद्द झाले. मच्छीमार संघटनांनी या काळात वारंवार निवेदने दिली होती. पाच वर्षे आपण आपल्याच अंगणात संशयित होतो, ही गोष्ट किनाऱ्यावरल्या किती घरांना सांगितली गेली असेल? आता डहाणूजवळ वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली आहे. त्या बंदराच्या बाजूने वा विरुद्ध जे काही म्हणायचे ते म्हणावे. पण महाकाय जहाजांचा मार्ग आणि आपल्या होड्यांचा मार्ग यापुढे अधिकाधिक एकमेकांत मिसळणार, एवढे निश्चित आहे. ओळखपत्र, होडीवरचा नोंदणी क्रमांक, रंगसंकेत, रात्रीचे दिवे आणि वायरलेस संच या गोष्टींकडे ‘सरकारी कटकट’ म्हणून पाहणाऱ्या पालकांनी या दृष्टीनेही त्यांचा विचार करावा.

आता कायद्याकडे येतो. १९९९ च्या ऑक्टोबरमध्ये सुमात्रा बेटावरून ७००० टन ॲल्युमिनियम घेऊन जपानकडे निघालेले ‘अलोंड्रा रेनबो’ हे जहाज पळवले गेले. त्याच्या १७ खलाशांना चाच्यांनी एका तराफ्यावर सोडून दिले. दहा दिवसांनी एका थाई मासेमारी बोटीने त्यांना वाचवले. इकडे जहाजाचे नाव रंगवून ‘मेगा रामा’ करण्यात आले. १६ नोव्हेंबर १९९९ रोजी तटरक्षक दलाची ‘ताराबाई’ आणि नौदलाची ‘प्रहार’ यांनी पाठलाग करून ते अरबी समुद्रात पकडले. महाराणी ताराबाईंचे नाव धारण करणाऱ्या नौकेने केलेली ही कामगिरी जगभर वाखाणली गेली. १५ इंडोनेशियन आरोपींना मुंबईत आणले. पण खटला कोणत्या कलमाखाली चालवायचा? भारतीय दंड संहितेत दरोडा होता. चाचेगिरी हा शब्दच नव्हता. गुन्हा झाला इंडोनेशियाजवळ, जहाज जपानी मालकाचे, खलाशी फिलिपिनो आणि जपानी, आरोपी इंडोनेशियन. यांत भारतीय काहीच नव्हते. सत्र न्यायालयाने फेब्रुवारी २००३ मध्ये सात वर्षांची शिक्षा दिली. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आरोपींना मुक्त केले.

त्यानंतर तरी कायदा व्हायला हवा होता. झाला नाही. २०११ च्या जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांत आपल्या नौदलाने व तटरक्षक दलाने चार कारवायांत १२० चाचे पकडले आणि ते मुंबईच्या पोलिसांकडे सोपवले. पुन्हा तेच जुने कायदे, तीच ओढाताण, त्यात सोमाली भाषेचे दुभाषी मिळवण्याची अडचण. या खटल्यांचे निकाल २०१७ मध्ये लागले आणि सात वर्षांच्या शिक्षा झाल्या. तोवर आरोपींचा बहुतेक काळ कच्चे कैदी म्हणूनच निघून गेला होता.

या विलंबाची झळ कोणाला लागली ते पाहावे. ‘अस्फाल्ट व्हेंचर’ हे जहाज सप्टेंबर २०१० मध्ये १५ भारतीय खलाशांसह पळवले गेले. एप्रिल २०११ मध्ये खंडणी पोहोचली. चाच्यांनी जहाज सोडले, आठ जणांना सोडले आणि सात जणांना ठेवून घेतले. भारताच्या तुरुंगात असलेले आमचे साथीदार सोडा, मग यांना सोडू, अशी त्यांची अट होती. खंडणीच्या इतिहासात हा नवाच प्रकार होता. सरकारने अट मान्य केली नाही. करणे योग्यही झाले नसते. पण ते सात जण ऑक्टोबर २०१४ मध्ये, म्हणजे चार वर्षांनी घरी परतले. त्यांच्या घरच्यांनी ती चार वर्षे कशी काढली असतील, हे ज्यांची मुले समुद्रावर आहेत त्यांना समजावून सांगण्याची गरज नाही.

अखेर डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत विधेयक मांडले गेले, डिसेंबर २०२२ मध्ये दोन्ही सभागृहांनी ते मंजूर केले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये कायदा अमलात आला. चाचेगिरीची व्याख्या आंतरराष्ट्रीय कराराबरहुकूम झाली. शिक्षा जन्मठेपेपर्यंत आणि मृत्यू घडला असल्यास फाशीपर्यंत ठेवली. विशेष न्यायालये नेमण्याची तरतूद झाली. त्यात एक कलम मात्र विचार करायला लावणारे आहे. आरोपीजवळ शस्त्रे किंवा चाचेगिरीची साधने सापडली तर, उलट सिद्ध होईपर्यंत, तो दोषी असल्याचे न्यायालय गृहीत धरील. भर समुद्रात साक्षीदार व पुरावे जमवणे कठीण असते, म्हणून असे कलम लागते, हा युक्तिवाद मला समजतो. पण मातृनौकेवर बळजबरीने राबवल्या गेलेल्या मच्छीमाराच्या हातात चाच्यांनी बंदूक दिली असेल, तर ‘मी चाचा नाही’ हे त्याने परक्या देशात, परक्या भाषेत कसे सिद्ध करायचे? फाशीपर्यंतची शिक्षा असलेल्या कायद्यात हे ओझे आरोपीच्या खांद्यावर टाकताना न्यायालयांना फार सावध राहावे लागेल.

येथे आपल्या संविधानाची आठवण अपरिहार्य आहे. बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने मूलभूत हक्क लिहिताना शब्दांची निवड विचारपूर्वक केली. भाषणस्वातंत्र्याचे १९ वे कलम ‘नागरिकां’साठी आहे. पण २०, २१ आणि २२ ही कलमे ‘व्यक्ती’साठी आहेत. गुन्हा घडला तेव्हा जो कायदा अस्तित्वात होता, त्याच्या भंगासाठीच व्यक्तीला दोषी ठरवता येईल. कायद्याने घालून दिलेल्या कार्यपद्धतीशिवाय कोणाही व्यक्तीचे जीवित किंवा स्वातंत्र्य हिरावून घेता येणार नाही. अटकेची कारणे सांगावी लागतील, वकील घेऊ द्यावा लागेल आणि प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर उभे करावे लागेल. या तरतुदींत सोमाली आणि भारतीय असा भेद नाही. म्हणूनच २०२२ चा कायदा २०११ च्या १२० आरोपींना मागे जाऊन लावता आला नाही आणि लावता येऊ नये, हेच बरोबर होते. अनेक वाचकांना हे चाच्यांचे लाड वाटतील. मला ते तसे वाटत नाही. ज्यांच्या पूर्वजांना पिढ्यान्‌पिढ्या सुनावणीशिवाय गुन्हेगार ठरवले गेले, त्यांना सुनावणीचे मोल वेगळे शिकवावे लागू नये.

सध्याची परिस्थिती थोडक्यात सांगतो. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे नौदलांचे लक्ष तिकडे वळले आणि सोमाली चाच्यांनी डोके वर काढले. ‘रुएन’ त्याच लाटेतले. ४ जानेवारी २०२४ रोजी ‘लीला नॉरफोक’ या जहाजावर चाचे चढले, पण २१ खलाशांनी, ज्यांत १५ भारतीय होते, सिटाडेलमध्ये आश्रय घेतला आणि ‘आयएनएस चेन्नई’चे कमांडो पोहोचेपर्यंत चाचे पळून गेले होते. पश्चिम आफ्रिकेच्या गिनीच्या आखातात पद्धत वेगळी आहे. तेथे जहाज नको, माणसे हवीत. खलाशांना उचलून जंगलात नेतात आणि खंडणी मागतात. २०२० मध्ये जगभर पळवलेल्या १३५ खलाशांपैकी १३० याच भागातले होते. डिसेंबर २०१९ मध्ये ‘नेव्ह कॉन्स्टेलेशन’वरून नेलेल्या १९ जणांत १८ भारतीय होते. सिंगापूरच्या सामुद्रधुनीत बहुतेक प्रकार रात्री चढून सुटे भाग चोरण्याचे असतात. नोकरी शोधणाऱ्या मुलांनी जहाज कोणत्या मार्गावर चालते आणि खलाशी पुरवणाऱ्या कंपनीला केंद्राच्या नौवहन महासंचालनालयाचा परवाना आहे काय, एवढे तरी सही करण्यापूर्वी विचारावे. दलालाच्या तोंडी आश्वासनावर चढलेल्या मुलाला ओलीस ठेवले गेले, तर त्याच्या घरच्यांना विचारायला दार उरत नाही.

‘रुएन’वरील आरोपी मुंबईत आल्यानंतर आठवडाभरातच आणखी एक कारवाई झाली. तिची बातमी लहान आली. ‘अल-कंबर’ ही इराणी मासेमारी बोट सोकोत्रा बेटाजवळ नऊ सशस्त्र चाच्यांनी ताब्यात घेतली होती. ‘आयएनएस सुमेधा’ आणि ‘आयएनएस त्रिशूल’ यांनी २९ मार्च २०२४ रोजी तिला सोडवले. या वेळी गोळीबार न करता चाच्यांना शरण यावे लागले आणि त्यांनाही मुंबईत आणण्यात आले. बोटीवर २३ मच्छीमार होते आणि ते सर्व पाकिस्तानी होते. डहाणू-तलासरीकडचे कित्येक आदिवासी खलाशी ओखा-पोरबंदरच्या बोटींवर काम करताना सागरी सीमा ओलांडल्याच्या आरोपाखाली कराचीच्या तुरुंगात खितपत पडतात, हे आपल्या जिल्ह्यातील लोकांना नव्याने सांगायला नको. भारतीय नौदलाच्या डॉक्टरांनी त्या २३ जणांची तपासणी केली, बोट तपासून सुरक्षित असल्याची खात्री केली आणि त्यांना त्यांची मासेमारी पुढे चालू ठेवण्यास मोकळे सोडले.